वेल्स दिसण्याचे दिवस

गुरुनाथ आणि सुचित्राबाई फेब्रुवारीत मुलाकडे आयर्लंडला आले ते तीन महिने राहायला. पुढची संक्रांत जवळ आली तरी ते तिथेच होते. मधल्या काळात जगाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सुचित्राबाईंच्या मते त्यातलं सर्वांत वाईट म्हणजे साताऱ्याच्या घरातली लोणच्याची बरणी, जिचं झाकण त्या सैल ठेवून आल्या होत्या.

मुलगा आशुतोष सँडीफोर्डला राहायचा. पूर्वी लुआस नावाच्या ट्रामचे रूळ ओलांडले की त्याचं ऑफिस होतं. मार्चपासून ऑफिसच रूळ ओलांडून घरी आलं आणि गुरुनाथांच्या बॅगा जिथे होत्या त्या बारक्या खोलीत येऊन बसलं. सून निवेदिता जेवणाच्या टेबलावर बसून दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधायची, त्यामुळे स्वयंपाकातल्या चुका शोधायला सासूबाईंना मोकळं रान होतं.

मुलगी भार्गवी समुद्रापलीकडे, वेल्समध्ये, बँगर नावाच्या शहरात होती. तिथे मोठं चर्च आहे म्हणून त्याला शहर म्हणतात. गुरुनाथांनी फोटो पाहून "आपलं कराड मोठं" असा निकाल दिला होता. तिथल्या विद्यापीठात ती शिंपल्यांवर संशोधन करायची. चौतिशीला आली होती, लग्न केलेलं नव्हतं. त्याबद्दल बोलायचं नाही असं घरात ठरलं होतं, म्हणजे फक्त सणावारी निघायचं. शनिवार-रविवार ती डोंगरात. दर आठवड्याला फोनवर नवी भटकंती ऐकायला मिळे: कुठे धबधबा, कुठे डोंगरावर मोकाट फिरणारे घोडे, कुठे समुद्रात लांबवर घुसलेला लाकडी धक्का आणि त्याच्या टोकाला चहाची टपरी. एप्रिलमध्ये बोटीने तिच्याकडे जायचं ठरलेलं होतं. मग बोटींमधून फक्त ट्रक जाऊ लागले.

घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायचा नियम आला तेव्हा निवेदिताने नकाशा छापून दिला. सुचित्राबाईंनी त्यावर बांगडी ठेवून वर्तुळ काढलं. बांगडी थोडी लहान पडली म्हणून पाटली ठेवली. पाटलीच्या अगदी कडेला एक डोंगर जेमतेम आत आला. थ्री रॉक त्याचं नाव. माथ्यावर काळ्या दगडांच्या तीन राशी आणि शेजारी टेलिफोनचे मनोरे. गुरुनाथांची नोकरी साताऱ्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये झालेली; ते मनोरे पाहून त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. ते रोज चढू लागले. रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस "ग्रँड डे" म्हणायचा, पाऊस पडत असतानाही. गुरुनाथही म्हणू लागले. फुकटात होतं.

जूनमधल्या एका सकाळी माथ्यावर कुत्र्याला घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने समुद्रापलीकडे बोट दाखवलं. क्षितिजावर पुसट निळे दात दिसत होते.

"दॅट्स वेल्स," ती म्हणाली.

गुरुनाथांनी तिथूनच फोन लावला. "भार्गवी, तू दिसतेस."

"काय सांगता! मी काय घातलंय?"

"ते नाही दिसत. डोंगर दिसतोय."

त्यावरून एक रीत पडली. रविवारी हवा स्वच्छ असली की अकरा वाजता बाप इकडच्या डोंगरावर आणि लेक तिकडच्या. तिचा डोंगर घरातून पायी जाण्यासारखा होता, कारण तिकडचा नियम असा की डोंगर हवा तेवढा चढा, पण गाडी काढू नका. त्याचं वेल्श नाव तिला म्हणता यायचं, घरात कुणाला येईना. म्हणून तिने त्याला 'म्हातारबा' नाव दिलं. म्हातारबावर उभी राहून ती सुचित्राबाईंच्या जुन्या नारिंगी साडीचा तुकडा हलवायची. इकडून गुरुनाथ दोन्ही हात हलवायचे. मधे शंभर किलोमीटरचा समुद्र.

"दिसलं का, बाबा?"

"दिसलं. नारिंगी ना?"

"हो! तुम्हीपण दिसलात."

दोघंही उच्चशिक्षित होते.

जानेवारीत थंडीची लाट आली. पहिल्या शनिवारी संध्याकाळी गुरुनाथांनी फोन केला. "उद्या आकाश काचेसारखं राहणार म्हणतायत. असा दिवस परत मिळायचा नाही."

"वर बर्फ झालंय, बाबा. कडक झालंय."

"मग? तुला काय बर्फ नवीन आहे?"

"नवीन नाही," ती हसली. "बरं. अकरा."

रविवारी वेल्स इतकं जवळ दिसत होतं की दाराशी आल्यासारखं. शिखरं पांढरी. गुरुनाथांनी अकराला फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्यांनी हात केला. मग पुन्हा फोन, पुन्हा हात. असं बराच वेळ चाललं तेव्हा ती कुत्रेवाली बाई दोन मीटरांचं अंतर राखून जवळ आली आणि आपल्याला मदत हवी आहे का, असं विचारू लागली.

"आय अ‍ॅम ओन्ली वेव्हिंग," गुरुनाथ म्हणाले.

"अँड वाय नॉट," ती म्हणाली.

सोमवारी दुपारी आशुतोष बारक्या खोलीत दार लावून फोनवर होता. थोड्या वेळाने निवेदिताही आत गेली. बऱ्याच वेळाने दोघं बाहेर आले ते थेट न्हाणीघरात, एकामागून एक. दोघांचीही डोकी ओली.

"दोघांना एकदम घाम आला की काय?" सुचित्राबाई म्हणाल्या. "बाहेर पाणी गोठलंय!"

"हीटिंग जास्त झालं होतं, आई," निवेदिता म्हणाली आणि टॉवेल तोंडावरून खाली घेतलाच नाही.

संध्याकाळी आशुतोषने सांगितलं की भार्गवीचा फोन ओढ्यात पडला. नवा यायला वेळ लागेल, तिकडे दुकानं बंद आहेत. तोवर ती त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर निरोप पाठवेल.

"आवाज तरी ऐकव," सुचित्राबाई म्हणाल्या.

"लॅपटॉपवर आवाज येत नाही, आई. कंपनीचा आहे."

खासगी आवाज आत येऊ न देणारी कंपनी जगात असू शकते हे सुचित्राबाईंना सहज पटलं. त्यांनी स्वतः दोन वर्षं सरकारी बँकेत काढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुचित्राबाई देवापाशी दिवा लावायला गेल्या तर निवेदिताने आडवा हात घातला. इमारतीच्या व्यवस्थापनाचा मेल आलाय, घरात ज्योत पेटवायची नाही, धुराचा अलार्म वाजतो.

"वर्षभर नाही वाजला तो!"

"नवीन बसवलाय, आई."

तिने लिडल नावाच्या दुकानातून बॅटरीवर लुकलुकणारी पणती आणून दिली. सुचित्राबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "तेल लागत नाही, वात लागत नाही, पाप लागलं तर तुला."

निवेदिताने मान खाली घातली. गुरुनाथांनी पेपरवरून ते पाहिलं.

मग स्वयंपाक निवेदिताने हातात घेतला. तुम्ही आराम करा, आई, म्हणाली. वरणाला फोडणी नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. पापड नव्हता. आमटी नुसती उकडलेली.

"आजाऱ्याचं जेवण आहे का हे?" सुचित्राबाई.

"आशूला अ‍ॅसिडिटी झालीय."

आशूची दाढीही वाढली होती. अ‍ॅसिडिटीने दाढी वाढत नाही एवढं वैद्यक गुरुनाथांना येत होतं.

घरात कुणीतरी गेलं होतं. मुलगा आणि सून सुतक पाळत होते आणि सांगत नव्हते. तोंडाने दोघं हवं तेवढं खोटं बोलत होती, पण वरणाला फोडणी द्यायला त्यांचा हात धजत नव्हता.

कोण गेलं, हा प्रश्न होता. एक्सचेंजमध्ये कुठली लाइन बंद पडली हे शोधायची एकच रीत असे: एकेक नंबर फिरवायचा, वाजला की पुढचा. आशुतोष बारक्या खोलीतून जेवायला उठला की गुरुनाथ तिथे बसून फोन लावू लागले. आधी साताऱ्याला धाकट्या भावाला, पुरुषोत्तमला. त्याने उचलला. मग निवेदिताच्या आईला, नागपूरला. उचलला. सुचित्राबाईंची बहीण उर्मिला, मिरजेची. उचलला. व्याही, साडू, चुलतभाऊ. सगळे जिवंत होते. आणि सगळे जरा जास्तच गोड बोलत होते. मिरजेची उर्मिला तर त्यांच्याशी वीस वर्षं जमिनीच्या वादावरून बोलत नव्हती. ती म्हणाली, "भाऊजी, जपा हं स्वतःला," आणि तिचा आवाज फुटला.

एक नंबर राहिला. तो गुरुनाथांनी फिरवला नाही.

त्याच संध्याकाळी आशुतोषने लॅपटॉपवर आलेला भार्गवीचा फोटो आईला दाखवला. "बघ, आजचाच. म्हातारबावर गेली होती."

सुचित्राबाईंनी चष्मा लावून पाहिला, गुरुनाथांना दिला. भार्गवी हसत होती. पायाशी डोंगर जांभळ्या फुलांनी भरलेला होता. गुरुनाथ वर्षभर असल्याच डोंगरावर रोज चढत होते. ही फुलं ऑगस्टमध्ये येतात. जानेवारीत तिथे तपकिरी काड्या असतात.

"छान आहे," ते म्हणाले. "थंडीत फुलं आली."

आशुतोषने लॅपटॉप मिटला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, गुरुनाथ म्हणाले, "आशू, चल माझ्याबरोबर वर. बसून बसून तुझी अ‍ॅसिडिटी जाणार नाही."

आशुतोषने मीटिंग आहे म्हणून पाहिलं. गुरुनाथ बूट घालून दारात उभेच राहिले.

माथ्यावर वारा होता. समुद्रावर ढग, वेल्स नव्हतं. गुरुनाथ दगडाच्या आडोशाला बसले.

"दाढी का वाढवलीस?"

"लॉकडाउन आहे, बाबा. न्हावी बंद."

"वरणालाही लॉकडाउन का?"

आशुतोष बुटाची नाडी पुन्हा बांधू लागला.

"दिवा बंद केलास तो इमारतवाल्यांनी की तू?"

"बाबा, प्लीज."

"मी सगळ्यांना फोन लावलेत. सगळे उचलतात. एकच नंबर राहिलाय. लावू?" त्यांनी फोन काढला.

आशुतोषने त्यांचा हात धरला. मग तो त्या दगडापाशी उकिडवा बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला, नाक पुसायला विसरून.

गुरुनाथांनी त्याला रडू दिलं. मग रुमाल दिला. "कधी?"

"रविवारी."

"त्याच रविवारी?"

"हो."

"कुठे?"

"म्हातारबावर. वर पोचली होती. मग कड्याजवळ घसरली. सोमवारी सकाळी सापडली."

"वर पोचली होती," गुरुनाथ म्हणाले.

"तुमच्या हार्टसाठी नाही लपवलं, बाबा. हार्ट तुमचं ग्रँड आहे. पण ती कशाला गेली होती ते..." त्याने रुमालाची घडी केली. "हाताला साडी गुंडाळलेली होती म्हणाले."

गुरुनाथांनी ढगांकडे पाहिलं. आपण तिला काय म्हणालो होतो ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. स्मरणशक्ती ही म्हातारपणी जायची गोष्ट असते, असं लोक उगीच सांगतात.

"पुढचं?"

"अजून तिकडेच ठेवलंय. चौकशी असते. पुढच्या आठवड्यात करतील. जायला परवानगी मागितली होती. मिळाली तरी विलगीकरण संपेपर्यंत... तिच्या विभागातले लोक करणार आहेत सगळं. कॅमेरा लावणार आहेत."

"मी बघणार."

"बाबा..."

"बघणार म्हटलं ना. दुपारी ठेवायला सांग. तुझी आई दुपारी झोपते."

आशुतोषने वर पाहिलं. "म्हणजे? आईला नाही सांगायचं?"

"नाही."

"मी हेच केलं तुमच्याशी. बघितलंत ना काय झालं?"

"तुला नीट जमलं नाही म्हणून कळलं," गुरुनाथ म्हणाले. "उद्यापासून वरणाला फोडणी घाल. दाढी कर. आणि जांभळी फुलं दाखवू नकोस."

"किती दिवस, बाबा?"

"विमानं सुरू होईपर्यंत. तिकडे गेल्यावर तिची बहीण असेल, शेजारणी असतील, रडायला माणसं असतील. इथे कोण आहे? चार भिंती आणि तुझी पणती."

खाली उतरताना भेटलेल्या एका जोडप्याने "ग्रँड डे" म्हटलं. गुरुनाथांनी उत्तर दिलं.

संक्रांतीला सुचित्राबाईंनी स्वयंपाकघर परत ताब्यात घेतलं. तिळाचा खमंग वास सुटला. गुळपोळ्या लाटताना त्या सुनेला ऐकवत होत्या, "तुमच्या अ‍ॅसिडिटीने सण नाही बुडवायचा माझा." लुकलुकत्या पणतीपुढे नैवेद्य दाखवला. पहिली पोळी गुरुनाथांच्या ताटात आली.

आशुतोष म्हणाला, "मला नको, आई." निवेदिता म्हणाली, "मी नंतर घेते." सुचित्राबाईंचा चेहरा उतरला. त्या कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वळल्या. "यांचं बिघडलंय. तुम्ही तरी खाणार आहात का अहो, की तुम्हालाही काही झालंय?"

लेकीचं सुतक सुरू झालेल्या माणसाने गोडाला शिवायचं नसतं. गुरुनाथांनी पोळी मोडली. "मला काय होतंय?" ते म्हणाले. "तूप वाढ."

त्यांनी ती सगळी खाल्ली. सुचित्राबाईंनी दुसरी वाढली, तीही खाल्ली. निवेदिता उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

जेवण झाल्यावर सुचित्राबाईंनी चार पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळल्या, खोक्यात घातल्या, वरून तिळाच्या वड्या टाकल्या. "हे भार्गवीला पोस्टाने टाका. माणसांना जाता येत नाही, पार्सलला तर येतं?"

"येतं," गुरुनाथ म्हणाले.

ते पोस्टावरून पुढे गेले. डोंगरावर धुकं होतं, मनोरे अर्धेच दिसत होते. तीन राशींपैकी मधल्या दगडावर त्यांनी फॉइल उघडलं, एक पोळी मोडून ठेवली आणि चार पावलं मागे सरकले.

गावाकडे कावळा अडून बसतो. मेलेल्या माणसाचं मनात काहीतरी राहिलेलं असतं, ते कबूल केल्याशिवाय शिवत नाही. माणसं उन्हात उभी राहून एकेक कबूल करत जातात: घर विकणार नाही, धाकट्याला शिकवू. गुरुनाथांनी चढताना सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. लग्नाचं बोलणं सणावारीसुद्धा काढणार नाही, हे आधी. आईला सांभाळीन, हे मग. आणि शेवटी ते एक, जे मोठ्याने म्हणायचं म्हणून ते धुक्यातून एकटे आले होते: जा म्हणालो, ते माझं चुकलं.

करड्या पाठीचे दोन कावळे दगडावर उतरले आणि गुरुनाथांनी तोंड उघडायच्या आत पोळी संपवली. मग उरलेल्या तीन संपवल्या. वड्या संपवल्या. एक फॉइलचा तुकडा घेऊन उडाला. इकडच्या कावळ्यांना रीत माहीत नाही. गुरुनाथ कबुल्या घेऊन तसेच उभे राहिले.

घरी आल्यावर सुचित्राबाईंनी विचारलं, "टाकलं?"

"टाकलं."

"पोचलं की तिला कळवायला सांगा हो. फोटो पाठव म्हणावं, पोळीसकट."

रविवारी सुचित्राबाईंनी तीनदा आठवण करून दिली. गुरुनाथ बारक्या खोलीत जाऊन आशुतोषच्या शेजारी बसले आणि दोघं भार्गवीचे जुने फोटो चाळू लागले. धबधबा: झाडांना पानं. घोडे: शिंगरू पायाशी, म्हणजे उन्हाळा. धक्का: लोक आइस्क्रीम खातायत.

"बर्फातला शोध," गुरुनाथ म्हणाले.

"बर्फातला एकच आहे, बाबा." आशुतोष म्हणाला. "तिच्या फोनमधून आपोआप घरच्या ऑनलाइन अल्बममध्ये चढलेला. त्या दिवशीचा."

त्याने उघडला. गुरुनाथांनी तो बराच वेळ पाहिला. मग लॅपटॉप उचलून बाहेर नेला आणि सुचित्राबाईंच्या मांडीवर ठेवला.

"आला का? बघू." त्यांनी चष्मा पुसला. "हे काय, नुसतं बर्फ आणि समुद्र! यात ती कुठाय?"

"ती फोटो काढतेय."

"पोळी?"

"खाऊन झाली असेल."

"आणि हे पलीकडे निळं निळं काय आहे?"

"आपण," गुरुनाथ म्हणाले.

सुचित्राबाईंनी बोटांनी ते निळं मोठं केलं, आणखी मोठं केलं, त्याचे चौकोन होईपर्यंत. मग चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही दिसत नाही कुठे."

"लांब आहे गं," गुरुनाथ म्हणाले.